एका पत्त्यावर दोन संगणक

समोरच्यांचा संगणक आणि माझा संगणक ही जुळी भावंडं आहेत. एका कचेरीने आपली जुनी यंत्रं काढून टाकली तेव्हा आम्ही दोघांनी ती एकाच टेम्पोतून घरी आणली. दोघांचा रंग मुळात पांढरा, आता चहाच्या डागासारखा. सुरू होताना दोघांचे पंखे सारखेच खोकतात. फरक इतकाच, की समोरच्यांचा संगणक चालतो आणि माझा नुसता चालू होतो.

समोरचे म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणारे गृहस्थ. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले, मोजणी मात्र त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. जिन्यात कुणी चप्पल काढली तर ती भिंतीपासून किती अंतरावर आहे हे ते नजरेनेच सांगतात. त्यांना चांगलं नाव आहे, पण आमच्या घरात ते घेतलं जात नाही. मी 'समोरचे' हा शब्द कोणत्या सुरात म्हणतो यावरून ही माझा रक्तदाब ओळखते.

माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. माणूस सज्जन आहे, आणि दुखणं नेमकं तेच आहे. शेजारी जरा तरी वाईट असला, की त्याचा हेवा करायला आपल्याला तोंड राहतं. हे तर काही मागायच्या आत देतात.

माझी नात परगावी असते. पूर्वी ती आमच्याशी माझ्या मोबाइलवर बोलायची. त्यात तिचं तोंड टपालाच्या तिकिटाएवढं दिसायचं आणि हिला चष्मा लावूनही तिचा पडलेला दात कोणता ते कळायचं नाही. समोरच्यांना हे समजलं. "वहिनी, आमच्याकडे मोठा पडदा आहे. रोज संध्याकाळी या की." झालं. वहिनी रोज संध्याकाळी जाऊ लागल्या. वहिनींच्या मागून मीही.

आता घर त्यांचं, यंत्र त्यांचं, म्हणजे मधल्या खुर्चीवर ते. उजवीकडे ही. मी डावीकडे, कपाटाला टेकून. कॅमेऱ्यात माझा फक्त एक कान आणि शर्टाची बाही येई. त्यात समोरच्यांनी एक दिवस पडद्यापुढे बुद्धिबळाचा पट मांडला आणि नातीला डाव शिकवायला घेतला. आठवड्याभरात ती त्यांना 'बुद्धिबळ आजोबा' म्हणू लागली. पुढच्या आठवड्यात बुद्धिबळ गळलं आणि नुसतं 'आजोबा' उरलं.

आणि मी? तर एका संध्याकाळी तिने विचारलं, "आजोबा, ते बाजूचे आजोबा आज आले नाहीत का?"

बाजूचे! सख्ख्या आईचा सख्खा बाप, आणि बाजूचा! मी कपाटापासून जमेल तितका पुढे वाकलो, पण समोरच्यांचा उंट त्याच वेळी मरत होता. तिचं लक्ष उंटाकडे होतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, "आपला संगणक लावायचा."

"तो लागलेलाच आहे," ही म्हणाली. "त्याच्यावर मी मेथ्या वाळत घालते."

"नेटला लावायचा. यापुढे नात आपल्या घरात बोलेल आणि मधल्या खुर्चीवर मी बसेन."

इथे आमच्या जिन्याची व्यवस्था सांगायला हवी. आमच्या जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून नेटची एकच जोडणी घेतली आहे. तिचा डबा जिन्यात, विजेच्या मीटरांच्या वर, भिंतीला लावलेला आहे, आणि त्या डब्यातून घराघरात एकेक वायर गेली आहे. नेटवाला वायरी ओढायला आला होता तेव्हा त्याने समोरच्यांच्या जुन्या यंत्रात बसून काही आकडे भरले होते. "काका, तुमचंही जुनंच आहे ना? तुमच्यातही भरून देतो," असं तो मला म्हणाला होता. समोरचे दारात उभे होते. त्यांच्या देखत मदत घेणं मला बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "माझं मी बघून घेईन." माझं मी अजून बघतोच होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण येई आणि तोही माझ्याकडे बघत राही.

मी प्रथम सरळ मार्गाने गेलो. नेटच्या कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक गोड आवाज आला.

"जोडणी कुणाच्या नावावर आहे सर?"

"आमच्या जिन्याच्या."

"सर, जिना ग्राहक होऊ शकत नाही. इथे एका गृहस्थांचं नाव आहे." तिने समोरच्यांचं नाव, आडनावासकट, खणखणीत उच्चारलं. माझ्या घरात ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा घुमलं, आणि तेही माझ्याच खर्चाने. "तक्रार त्यांनाच करता येईल, सर. आपण त्यांचे कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग सर, त्यांना सांगा की ते फार चांगले ग्राहक आहेत."

फोन ठेवला. यानंतर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. तळमजल्यावरचा शिंपी वर येऊन वायर दोन बोटांत धरून म्हणाला, "भाऊ, ही कोपऱ्यात दुमडलीय. कापड असो की वायर, घडी पडली की ओघ जातो." त्याने ती इस्त्री करून द्यायची तयारी दाखवली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी यंत्राच्या मागे बोट फिरवून धूळ मला दाखवली, अगदी वहीत शाईचा डाग दाखवावा तशी. "आधी स्वच्छता. मग विज्ञान." मेहुण्याने फोनवरून सांगितलं की नवा संगणक घे. समोरच्यांनी नवा घेतला नसताना मी कसा घेणार? त्याचा अर्थ असा झाला असता, की जुन्यावर त्यांना जमलं आणि मला जमलं नाही.

मी विचार केला. यंत्र तेच, वायर तीच, डबा तोच. मग फरक कशात? आकड्यांत! नेटवाल्याने त्यांच्या यंत्रात जे आकडे भरले तेच माझ्या यंत्रात भरले, की माझं यंत्रही त्यांच्यासारखं चालणार. यात तर्काची चूक कुठे आहे हे मला त्या दिवशी कुणी दाखवून देऊ शकलं नसतं. अर्थात मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आकडे मागायचे म्हणजे मान खाली घालायची. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घेऊन समोर गेलो. "तुमचा तो नेटचा पडदा बघू कसा दिसतो," असं सहज म्हणालो. समोरच्यांना काही दाखवायला सांगितलं की त्यांना फार आनंद होतो. त्यांनी खिडक्यांमागून खिडक्या उघडल्या आणि आकड्यांचा रकाना समोर आणला. मी शेजारी बसून सुडोकू सोडवत असल्यासारखं करून आकडे चौकोनांत उतरवू लागलो. १९२, १६८, १ आणि ११. नऊ घरांत नऊ आकडे अगदी मापात बसले. मला तो शुभशकुन वाटला.

समोरच्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, एका ओळीत एक पाच वेळा?"

"अवघड कोडं आहे," मी म्हणालो.

पुढची ओळ सबनेट मास्क नावाच्या प्रकाराची होती. २५५, २५५, २५५ आणि ०. नऊ घरं भरली आणि शून्य बाहेर राहिलं. ते मी समासात लिहिलं.

"सुडोकूत शून्य नसतं हो," समोरचे हळुवारपणे म्हणाले.

"ही आवृत्ती नवीन आहे."

त्यांनी उठून माझ्यासाठी पंख्याचा वेग वाढवला, जसा आजारी माणसासाठी वाढवतात. तिसरी ओळ गेटवेची. त्यात शेवटी नुसता एक. तीही उतरवली, आभार न मानता निघालो.

संध्याकाळी ही नेहमीसारखी समोर गेली. मी "डोकं दुखतंय" म्हणून घरी राहिलो. यंत्र सुरू केलं आणि आकडे भरले, अगदी बिनचूक, त्यांचे ते माझे. पिवळा त्रिकोण गेला! पडद्यावर जग उघडलं. म्हणजे एका दूरच्या शहराचं हवामान आलं, पण माझ्या खुर्चीत बसून मला दिसत होतं. मी एकट्यानेच टाळी वाजवली.

तेवढ्यात समोरून समोरच्यांचा आवाज आला. "अरेच्चा! गेलं की!"

मग हिचा. "आत्ता तर बोलत होती! पिल्लू? ए पिल्लू?"

माझ्या पडद्यावरही एक चौकट उगवली. या पत्त्यावर आधीच दुसरा संगणक आहे, अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी होतं. मी यंत्र बंद केलं. समोर नातीचा आवाज परत आला. मी यंत्र चालू केलं. समोर पुन्हा "अरेच्चा!"

आता मी खरं सांगतो, मला ते लगेच कळलं. आणि कळल्यावर मी ते आणखी दोनदा करून बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या घरातली कोणतीतरी गोष्ट माझ्या बोटावर चालत होती. समोरचे 'तुझी चाल' म्हणत आणि मी बटण दाबत असे. काय तो 'अरेच्चा'! दाराआडूनही त्यात सूर होता.

चौथ्या 'अरेच्चा'नंतर ही दारात उभी होती. "तुमचं डोकं दुखत होतं ना?"

"आता बरं आहे."

"पोरगी रडवेली झालीय तिकडे. दर वेळी तिची चाल आली की जातं म्हणते." तिने माझ्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे. "अहो, तुम्ही काय केलंत?"

नात रडवेली झाली हे ऐकल्यावर माझी मजा जागच्या जागी संपली. मी समोर गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे बटणाचं सोडून सगळं. समोरच्यांनी सुडोकूचा कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रोगाचं निदान झाल्याचं समाधान होतं. मग त्यांनी नेटवाल्याला फोन लावला. तो नेहमीप्रमाणे दुसऱ्याच कुठल्यातरी जिन्यात शिडीवर होता.

"दोघांनी एकच आकडा घेतलाय, काका!" तो फोनमधून ओरडला. "एका पत्त्यावर दोन घरं कशी राहतील? शेवटचा आकडा बदला एकाने. कुठलाही टाका, मी इथे लटकतोय."

"तुम्ही बारा घ्या ना," समोरचे म्हणाले. "माझ्या नंतरचा. सोपं पडेल."

सोपं पडेल! आजवर त्यांच्या बाजूला बसलो, आता त्यांच्या मागेही उभं राहायचं? मी "बघतो" म्हणून घरी आलो आणि दहा टाकला. त्यांच्या एक पुढे.

थोड्या वेळाने शिंपी कात्री हातात घेऊन वर आला. एका नवऱ्या मुलाच्या कोटाची मापं त्याला नेटवरून येत होती आणि छातीपाशीच थांबली होती. "भाऊ, छाती आली, कंबर आलीच नाही. आता कोट कुठवर शिवू?" दहा त्याचा होता. मी मुकाट्याने दहा सोडला आणि पाच टाकला. पाचावर बाईंचा प्रिंटर निघाला. त्या कुणाला तरी निबंध छापून देत होत्या. त्याचं शेवटचं पान निघेना. बाई जिन्यातून खाली आल्या त्या निबंधासकट. "यात समारोप नाही. कुणामुळे नाही?"

आता खरं म्हणजे बारा घेऊन गप्प बसण्यासारखं होतं. पण अपमानित माणसाचं गणित वेगळं असतं. अकराच्या आधीचे आकडे एकेक करून चाचपत बसण्यापेक्षा, मी म्हटलं, सगळ्यात आधीचाच घ्यावा. म्हणजे एक. त्याच्या पुढे कुणी जाऊच शकत नाही. गेटवेच्या ओळीत एक लिहिलेला मला दिसला होता, नाही असं नाही. पण गेटवे म्हणजे फाटक, आणि फाटकातून आत आल्या आल्या पहिलं घर माझं, असा मी त्याचा अर्थ लावला. यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं. विचारण्याचा सूर काळजीचा होता. मी 'हो' दाबलं.

सगळा जिना शांत झाला.

ही शांतता शब्दांत सांगणं कठीण आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी बघत असलेला खेळ थांबला. खाली शिंप्याचं गाणं थांबलं. समोर नातीचं "आजोबा, शह!" हे 'श' वर थांबलं. मग एकेक दार उघडू लागलं आणि प्रत्येक दारातून एकच प्रश्न बाहेर आला, "तुमचं आहे का?" आणि प्रत्येक दारातून तेच उत्तर, "नाही. तुमचं?" मीही बाहेर येऊन तितक्याच काळजीने विचारलं, "काय झालं हो?"

नेटवाला आला तोच वैतागलेला. मीटरांवर शिडी लावली, डब्याला कान लावला, त्यातल्या वायरी ओढून बघितल्या, आपल्या मोबाइलवर काहीतरी वाचलं, आणि मग शिडीवरूनच, खाली जमलेल्या सगळ्या बिऱ्हाडांना उद्देशून बोलला.

"या जिन्यात दोन डबे झालेत. एक हा, भिंतीवरचा. आणि खाली कुणीतरी आहे, जो म्हणतोय मीच डबा आहे. सगळी घरं त्याच्याकडे नेट मागायला जातायत आणि त्याच्याकडे काही नाही." त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "दुसरा डबा कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी भिंतीवरच्या डब्याकडे बघू लागलो. समोरचे माझ्याकडे बघत नव्हते, हे त्यांच्या सज्जनपणाला धरूनच होतं. बाईंना मात्र वर्गात असे प्रसंग पुष्कळ आलेले असावेत.

"ज्याने केलं असेल त्याने आपण होऊन हात वर करावा," त्या म्हणाल्या. "शिक्षा होणार नाही."

हिने माझा हात धरून वर केला.

त्यानंतर माझ्या घरात सगळा जिना शिरला. नेटवाला माझ्या खुर्चीत बसला, शिंपी आणि बाई त्याच्या मागे, समोरचे उंबऱ्यात. नेटवाल्याने एक खोडला आणि मला न विचारता बारा टाकला. "काका, आता याला हात लावू नका. बोटही लावू नका." सगळं सुरू झालं. खाली शिंप्याचं गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे निघालं. मंडळी, मान हलवत, पण मजा आल्यासारखी, पांगली. नेटवाला शिडी घेऊन गेला. समोरचे "चला, झालं तुमचं" म्हणाले आणि त्यांनी आपल्या दारात जाऊन दार लावलं, नेहमीपेक्षा जरा हळू.

आणि नात आली. माझ्या पडद्यावर, माझ्या घरात. मधल्या खुर्चीवर मी बसलो होतो. माझे दोन्ही कान दिसत होते, हे मी कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तपासून घेतलं.

"आजोबा, तू मोठ्ठा दिसतोयस!" ती म्हणाली.

जिंकलो! मी हिच्याकडे बघितलं. ही तिच्याकडे बघत होती.

"शाळा काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"जेवलीस का?"

"संध्याकाळ आहे, आजोबा."

मग मी हवामान विचारलं. मग तिने विचारलं. इतके दिवस कपाटाला टेकून मी मनात किती भाषणं तयार केली होती, पण ती सगळी समोरच्यांबद्दल होती. तिच्याशी बोलायचं असं त्यात काहीच नव्हतं. तिने तिच्याकडचा पट पडद्यापुढे ओढला.

"तुझी चाल," ती म्हणाली. "तुझा राजा अडकलाय."

"माझा नाही तो," मी म्हणालो. "समोरच्यांचा."

"मग ते कुठेत?"

"त्यांच्या घरी."

"कुणाशी बोलतायत?"

मी उत्तर देणार होतो. पण ही हळूच म्हणाली, "कुणाशी बोलणार? त्यांच्या त्या पडद्यावर पिल्लूशिवाय दुसरं कुणाचं येतंय?" आणि तिने चष्मा पुसायला घेतला.

हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा फार कामात असतो, तेही माहीत होतं. मी रोज त्यांच्या खोलीत बसत होतो. पण हेवा करणाऱ्या माणसाला समोरच्याकडे काय आहे तेवढंच दिसतं. काय नाही, ते मोजायची त्याला सवय नसते.

"आजोबा, राजाचं काय करू?" नातीने विचारलं.

मी उठलो. मधली खुर्ची मोकळी ठेवून उठणं जिवावर आलं, म्हणून तिच्यावर मी वर्तमानपत्र ठेवलं. समोरचं दार वाजवलं. ते इतक्या चटकन उघडलं, की ते दाराला लागूनच उभे असणार. हातात पट होता. सोंगट्या मांडलेल्या होत्या, एकही इकडची तिकडे झालेली नव्हती.

"ती... राजाचं विचारतेय," मी म्हणालो.

"हो का?" ते म्हणाले. "सहज उभा होतो."

"या ना मग. फक्त एक. मधे मी बसणार."

"अहो, अर्थातच! घर तुमचं. मी बाजूला बसतो. खुर्ची आहे ना जास्तीची?"

"नाही," मी म्हणालो. होती, पण तिच्यावर मेथ्या होत्या.

"काही हरकत नाही, माझी आणतो."

आणि समोरच्यांनी आपली खुर्ची आणली. चाकांची, पाठीला गादी असलेली, बसल्यावर आपोआप वर उचलणारी. ती त्यांनी अगदी कडेला, कपाटापाशी लावली, अदबीने बसले आणि हळूहळू वर गेले. माझ्यापेक्षा चांगले चार बोटं वर.

"वा!" पडद्यातून नात ओरडली. "आजोबा, ती गोल फिरते का?"